क्यार: किनाऱ्याला न लागलेलं महाचक्रीवादळ

वातकुक्कुट (धागाकर्ता)

निसर्ग किंवा तौक्ते या चक्रीवादळांबद्दल कोकणात कुणालाही विचारा, तासभर ऐकायला मिळतं. क्यारचं नाव काढलं की मात्र "ते कुठलं हो?" असं होतं. साहजिक आहे, ते किनाऱ्याला लागलंच नाही. पण २०१९ च्या दिवाळीत रत्नागिरीपासून साधारण दोनशे किलोमीटरवर घोटाळणारं एक डिप्रेशन (कमी दाबाचं क्षेत्र, वादळाच्या आधीची पायरी) तीन दिवसांत महाचक्रीवादळ झालं. अरबी समुद्रात २००७ च्या गोनूनंतर असं वादळ झालं नव्हतं. ताशी २४० किलोमीटरचे वारे आणि केंद्रात ९२२ हेक्टोपास्कल दाब.

माझ्या मते वादळ कसं घडतं हे बघायचं तर असंच वादळ घ्यावं, ज्यात जमीन मधे आली नाही. किनाऱ्यावर आलेल्या वादळाची चर्चा उडालेले पत्रे, पडलेली झाडं आणि पंचनामे यांवरच संपते.

ते साल मुळातच विचित्र होतं. पाऊस परतायला तयार नव्हता. मोसमी वाऱ्यांची माघार सुरू झाली ती ९ ऑक्टोबरला, तोवरच्या नोंदींतली सर्वांत उशिराची. हिंदी महासागरातला डायपोल जोरदार धन होता, म्हणजे आफ्रिकेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम आणि सुमात्राकडचं गार. अशा वर्षी आपल्या बाजूला ढगांची रेलचेल असते. वायू, हिका, क्यार, महा, पवन अशी पाच चक्रीवादळं त्या एका वर्षात अरबी समुद्रात झाली. एवढी त्याआधी १९०२ साली झाल्याची नोंद आहे.

आता क्यार. २४ ऑक्टोबरला डिप्रेशन. २५ ला चक्रीवादळ झालं आणि नाव मिळालं. २६ ला अतितीव्र. २७ ला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, महाचक्रीवादळ. गंमत म्हणजे सुरुवातीला ते चक्क आपल्याच दिशेने, पूर्व-ईशान्येकडे सरकत होतं. मग उत्तरेला हवेच्या जास्त दाबाचा पट्टा बसला आणि त्याने याला पश्चिम-वायव्येला ढकललं, ओमानच्या रोखाने. तो पट्टा दोन दिवस उशिरा बसला असता तर आज या नावाचा धागा काढायची गरज पडली नसती, गावोगावी लोकांच्या तोंडी असतं.

समुद्र गरम असला म्हणजे वादळ होतंच असं नाही. पृष्ठभागाचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर लागतं, आणि नुसता वरचा थर गरम असून भागत नाही, खाली पन्नासेक मीटरपर्यंत ऊब हवी. घाम आलेल्या अंगावर वारा लागला की गार वाटतं, कारण वाफ होणारं पाणी अंगातली उष्णता घेऊन जातं. समुद्राचं तेच होतं, फक्त हिशेब अवाढव्य: एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे पंचवीस लाख ज्यूल. ही वाफ वर जाऊन ढगात पुन्हा पाणी झाली की घेतलेली सगळी उष्णता वरच्या हवेत मोकळी होते. हवा तापते, हलकी होते, खाली दाब घटतो. दाब घटला की चहूकडून वारा आत धावतो, आणि जोरात धावणारा वारा आणखी पाण्याची वाफ करतो. चक्र सुरू.

पण फिरकी पाहिजे. ती पृथ्वीच्या फिरण्यातून मिळते, म्हणून विषुववृत्ताच्या पाच अंशांच्या आत चक्रीवादळं क्वचितच जन्मतात. आणि सगळ्यांत नाजूक अट म्हणजे खालचा वारा आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांत फार तफावत नको. भर पावसाळ्यात आपल्याकडे खाली नैऋत्येचा वारा सोसाट्याने वाहतो आणि वर बरोबर उलटा, पूर्वेचा जेट, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा झोत. ढगांचा खांब उभा राहायच्या आत वाकतो, वरची ऊब एकीकडे आणि खालचं केंद्र भलतीकडे. म्हणून आपली वादळं मे-जूनमध्ये नाहीतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. क्यारला २५ ते २७ या दिवसांत ही तफावत फारशी नडली नाही, पाणी गरम, हवा दमट. बाकी काही लागत नाही.

ज्यांनी तेव्हा काही पाहिलंय, समुद्रावर किंवा काठावर, त्यांनी जरूर लिहा.

उंडगा_पाऊस

मस्त धागा. पण एक शंका. २४० हा आकडा मोजला कुणी? समुद्राच्या मधोमध वारामापक घेऊन कोण बसलं होतं?

वातकुक्कुट

@उंडगा_पाऊस, कुणीच नाही. आपल्याकडे हा आकडा उपग्रहाच्या चित्रावरून काढतात. व्हर्नन ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात पद्धत बसवली: ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती गुंडाळलेत, डोळा दिसतो का, डोळा किती उबदार आणि भोवतीच्या ढगांचे माथे किती थंड. त्यावरून एक अंक ठरतो आणि अंकावरून वाऱ्याचा वेग. २७ तारखेच्या चित्रांत क्यारचा डोळा इतका गोल आणि स्वच्छ होता की अंदाज बांधणाऱ्यांत फार मतभेद व्हायला जागाच नव्हती.

डोळा स्वच्छ का, तर भोवतीच्या भिंतीतून वर गेलेल्या हवेतली थोडी मधोमध खाली उतरते. उतरताना दबते, तापते, कोरडी होते, ढग विरतात. त्या भिंतीत मात्र सगळा कल्लोळ.

आणखी एक. आपलं हवामान खातं तीन मिनिटांची सरासरी सांगतं, अमेरिकन लोक एका मिनिटाची. त्यामुळे त्यांचा आकडा थोडा जास्तच दिसतो. वर्तमानपत्रं दोन्ही आकडे एकाच बातमीत घालतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडवतात.

ह्यूस्टनकर

आमच्या इकडे मात्र खरंच मोजायला जातात! चार पंख्यांचं विमान घेऊन थेट डोळ्यात शिरतात आणि पॅराशूट लावलेल्या नळ्या खाली सोडतात. दाब, तापमान, दमटपणा, वारा, सगळं समुद्र गाठेपर्यंत कळत राहतं. २०१५ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोच्या पश्चिमेला पॅट्रिशिया झालं, त्याचा ८७२ हेक्टोपास्कल दाब आणि ताशी ३४५ किलोमीटर वारा ठरवता आला तो विमानं आत गेली म्हणूनच. ते एका दिवसात ताशी जवळपास १९५ किलोमीटरने वाढलं होतं.

तरीही फसगत होतेच. २०२३ चं ओटिस घ्या. २४ ऑक्टोबरच्या सकाळी ते साधं ट्रॉपिकल स्टॉर्म होतं, हरिकेनसुद्धा नाही. दुपारी विमान गेलं तेव्हा कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय. मध्यरात्र उलटल्यावर ते पाचव्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या श्रेणीचं होऊन अकापुल्कोवर आदळलं. संगणकाच्या बहुतेक मॉडेलांना याचा वासही लागला नव्हता. लोकांना आवराआवर करायला उरले काही तास.

इथे राहून एक शिकलोय: वादळ कुठे जाणार हे आता बरंच आधी सांगता येतं. किती झटक्यात फुगणार हे अजून जमलेलं नाही.

गजालीकार

मालवणीत लिवतंय, सांभाळून घेवा.

क्यार आमका बरा आठवता. बंदरात दोन नंबरचो बावटो लागलो तेव्हा कोणी मनावर घेवक नाय, ऑक्टोबरात मासळी जोरात असता. मगे वारो फिरलो. देवगडच्या खाडीत गुजरातचे, कर्नाटकचे, तामिळनाडूचे ट्रॉलर येवन उभे रवले. एकाच्या कुशीक दुसरो, दोरखंडान बांधलेले. ह्या बोटीवरसून त्या बोटीवर पाय टाकीत खाडीत निम्म्यार जावचा. भाषा कोणाची कोणाक कळत नाय. तामिळ खलाशी हातान दाखवीत, एवढी लाट, एवढी! दिवाळीचे दिवस, म्हणान आमच्या पोरांनी त्यांच्या बोटीर फराळाचे डबे नेवन दिल्यानी. चकली बघून त्यांका आनंद झालो, त्यांच्याकडे पण करतत म्हणे.

तिकडे देवबागात समुद्राचा पाणी माडांच्या मुळात. वादळ दोनशे किलोमीटर लांब, आणि वर अवसेचा उधाण.

वातकुक्कुट

@गजालीकार, अवसेचा मुद्दा लाखमोलाचा. उधाणाची भरती आणि वादळाच्या लाटा एकाच आठवड्यात आल्या.

मांडवीकाठी

गोव्यात क्यारची आठवण म्हणजे नु शी नलिनी. नाफ्था भरलेलं, खलाशी नसलेलं जहाज खवळलेल्या समुद्रात वाहत येऊन २४ ऑक्टोबरला दोनापावलाजवळ, राजभवनाच्या खालच्या खडकांत अडकलं. तारीख बघा, तेव्हा क्यारला नावसुद्धा मिळालं नव्हतं, नुसतं डिप्रेशन होतं. नाफ्था म्हणजे पेट्रोलचा भाऊ, ठिणगी पडली तर काय, या धास्तीत लोकांनी दिवाळी काढली. जहाज तिथे कितीतरी महिने पडून होतं. येणारेजाणारे थांबून फोटो काढायचे.

दर्यावर्दी_निवृत्त

बावट्याबद्दल थोडं सांगतो, कारण बातम्यांत "तीन नंबरचा बावटा" वाचून लोक घाबरतात आणि दोन नंबरला हसतात. खरं तर १ आणि २ म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, बंदर सोडून निघणाऱ्यांनी विचार करा. ३ आणि ४ बंदराला स्वतःलाच वाऱ्याचा त्रास होणार असेल तेव्हा. पुढे १० पर्यंत धोका चढत जातो आणि ११ म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. म्हणजे खोल समुद्रात मासेमारीला जाणाऱ्यासाठी दोन नंबर हाच खरा इशारा. ३ नंबर लागेपर्यंत तो बाहेर असेल तर त्याचा उपयोग काठावरच्यांना.

समुद्रावर वादळ गाठतंय असं वाटलं तर आम्हाला पहिला नियम शिकवला तो असा: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, केंद्र तुमच्या डाव्या हाताला. मग वादळ कुठल्या दिशेला चाललंय ते बघा. त्या दिशेला तोंड केलं तर उजवीकडचा अर्धा भाग वाईट. तिथे फिरणाऱ्या वाऱ्यात वादळाची स्वतःची चाल मिसळते, शिवाय तो वारा जहाजाला वादळाच्या वाटेवरच रेटतो. डावीकडे सापडलात तर वारा तुम्हाला वादळाच्या मागे नेऊन सोडतो, तुलनेने सुटका सोपी.

क्यार पश्चिम-वायव्येला चाललं होतं, म्हणजे त्याची उजवी बाजू उत्तरेला, कराचीकडे. वादळ शेकडो किलोमीटर दूर असताना कराचीच्या कोळीवस्त्यांत पाणी शिरलं ते उगाच नाही.

कल्बा_ते_कल्याण

यावर मला सांगायचंच होतं. तेव्हा आम्ही अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, कल्ब्याला राहत होतो. दिवाळीचा आठवडा, ऑफिसला सुट्टी नाही, आभाळ निळंशार, वारा म्हणाल तर पान हलत नाही. आणि समुद्र रस्त्यावर. पाऊस नाही, वादळ नाही, नुसतं पाणी येतंय, थोडं मागे जातंय, पुन्हा येतंय, दर वेळी थोडं पुढे. शेजारच्या दुकानदाराने शटरला वाळूच्या पिशव्या लावल्या, त्यांच्यावरून पाणी आत गेलं. गाड्यांची चाकं बुडाली. फुजैराहलाही तोच प्रकार. मी घरी आईला फोनवर सांगतोय की समुद्र आत आलाय, आणि ती विचारतेय, पाऊस किती आहे? कसं समजावणार?

दर्यावर्दी_निवृत्त

@कल्बा_ते_कल्याण, याला आम्ही स्वेल म्हणतो. वादळाखाली लहानमोठ्या सगळ्या लाटा एकमेकींवर आदळत असतात. त्यातल्या लांब लाटा तिथून सुटून पुढे निघतात आणि फारशी शक्ती न गमावता हजारो किलोमीटर जातात. दर पंधरा सेकंदांनी एक येणारी लाट घ्या: खोल पाण्यात अशा लाटांचा ताफा ताशी साधारण ४२ किलोमीटरने सरकतो. म्हणजे एका दिवसात हजार किलोमीटर. वादळाची स्वतःची चाल सहसा याहून कमी असते, त्यामुळे लाट आधी पोचते, वादळ नंतर येतं किंवा येतच नाही. जुने तांडेल किनाऱ्यावरच्या लाटेचा ठेका मोजायचे ते याचसाठी. ठेका लांबला की समजायचं, लांब कुठेतरी काहीतरी चाललंय.

इतिहासाचा_किडा

अरबी समुद्र पूर्वी शांत होता असं म्हणतात, पण १८८२ च्या जूनमध्ये मुंबईवर चक्रीवादळ येऊन एक लाख माणसं गेली होती ना? बऱ्याच याद्यांत आहे.

कागदपत्र

@इतिहासाचा_किडा, ती याद्यांतून याद्यांत गेलेली थाप आहे. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ आणि १८९१ मध्ये ८,२१,७६४. मधे एका रात्रीत लाख माणसं गेली असती तर त्या काळच्या वर्तमानपत्रांनी, महापालिकेने, कुणीतरी ओरड केली असती की नाही? त्या तारखांच्या मुंबईच्या पेपरांत कुणालाही काही सापडलेलं नाही. खरं वादळ हवं असेल तर नोव्हेंबर १८५४ चं घ्या, किंवा नोव्हेंबर १९४८ चं.

इतिहासाचा_किडा

धन्यवाद, आता पुढच्या वेळी कुणी व्हॉट्सॅपवर पाठवलं की हे चिकटवतो.

भातखाचर

आमच्याकडे (वैभववाडी) क्यारने एकही कौल हललं नाही. पण भात कापून शेतात आडवं पडलेलं होतं, आणि पाऊस थांबेना. तिसऱ्या दिवशी पेंढी उचलली तर लोंबीलाच हिरवे कोंब. ते भात ना खायला, ना बियाण्याला, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. वाळवायला अंगणात पसरलं तर खालून कुबट वास. नंतर खरिपासाठी हेक्टरी आठ हजार जाहीर झाले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. आमच्याकडे गुंठ्यात जमिनी, सातबाऱ्यावर पंधरा नावं. हिशेब तुम्हीच करा.

आणि पंचनाम्याला आलेल्यांना पडलेलं झाड लागतं. उभ्या झाडाखाली रुजलेलं भात दिसत नाही.

उंडगा_पाऊस

@भातखाचर +१००. वेंगुर्ल्यात आमच्या मामाकडे अगदी हेच.

बाकी, एवढं बळ होतं तर क्यार विझलं कसं? ओमानला का नाही पोचलं?

वातकुक्कुट

तीन गोष्टी एकदम आल्या. एक, अरबस्तानावरची वाळवंटी हवा. ती आत शिरली की ढगांतले थेंब तिच्यातच वाळतात, आणि वाळताना हवा थंड करतात, म्हणजे सगळं यंत्र उलटं चालतं. दोन, वादळ स्वतःच समुद्र घुसळून खालचं गार पाणी वर आणतं. भराभर सरकलं तर बिघडत नाही, रेंगाळलं तर स्वतःच्याच गार पाण्यात अडकतं. तीन, पुढे वरच्या आणि खालच्या वाऱ्यांची तफावत वाढत गेली. वाटेत ते नैऋत्येला वळलं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोमालियाच्या बाजूला क्षीण होऊन संपलं.

ते संपायच्या आत मागे लक्षद्वीपकडे महा उभं राहिलं होतं. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं! त्या दिवसांची उपग्रहाची चित्रं जरूर बघा. महाही गुजरातच्या रोखाने येऊन किनाऱ्याजवळ विरलं.

सरळ_प्रश्न

आता सगळे म्हणणार, ग्लोबल वॉर्मिंग. दर वादळाला तेच लेबल. आकडे आहेत का काही?

वातकुक्कुट

आहेत. पुण्याच्या आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ चा हिशेब मांडला. त्यातल्या २००१ नंतरच्या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसतात, बंगालच्या उपसागरात मात्र ८ टक्क्यांनी घटलेली. अरबी समुद्रातल्या वादळांचा एकूण मुक्कामही ८० टक्क्यांनी लांबला. हा समुद्र तापतोय यात वाद नाही.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहे, फक्त वेगळ्या जागी. क्यारसारखं वादळ १९२० साली झालं असतं तर कळलं कसं असतं? एखादं जहाज जवळून गेलं तरच. काठावरच्यांनी "यंदा दिवाळीत उधाण जबरदस्त" एवढंच म्हटलं असतं. त्यामुळे "पूर्वी इथे वादळं नव्हती" असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. किनाऱ्याला लागलेल्यांची नोंद आहे, न लागलेल्यांची नाही. म्हणूनच आयआयटीएमवाले १९८२ पासून, म्हणजे उपग्रह आल्यानंतरचंच धरतात. क्यार एकट्याचं खापर तापमानवाढीवर फोडायला मी तयार नाही, त्या वर्षी डायपोल होताच. पाया मात्र आधीच गरम होता.

सरळ_प्रश्न

हे पटलं. लेबलापेक्षा बरं.

गजालीकार

आमका वादळा वाढली काय नाय, ता समुद्र किती दिवस बंद रवलो त्याच्यावरसून कळता. त्या वर्षी ऑगस्टात मोसम सुरू झालो, पाऊस लांबलो, मगे क्यार, ता जाता न जाता तोच महा. डिझेल भरलेला, बर्फ घेतलेलो, खलाशांका आगाऊ पैसे दिलेले, आणि बोट बंदरात. बर्फ पाणी झालो, खलाशी गावाक गेले. पंचनाम्यात ह्या बसणा नाय, कारण बोट तर शाबूत हा.